डिश काढून मोठी स्क्रीन घ्यायची? मालवण किनाऱ्यावर हा हिशेब वेगळा का होतो

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या गणपतीपासून एक वाद चालू आहे. मालवणजवळच्या गावातल्या घरातला जुना टीव्ही बंद पडला. चुलतभाऊ मुंबईत असतो, त्याच्याकडे पीएस ५ आहे. त्याचं म्हणणं, आता टीव्ही घ्यायचाच नाही. चांगला मोठा मॉनिटर घेऊ, डिशचं रिचार्ज बंद करू, सगळं नेटवरच बघू. गावात कायम राहणारी काकू हे सगळं वाचत होती. शेवटी तिने व्हॉइस मेसेज टाकला, "झिला, तुझा नेट गेला की माझो टीव्हीय जातलो, ह्या खयचा शाणपण?"

ग्रुपवर हसण्याचे इमोजी पडले आणि विषय तिथेच थांबला. पण काकूचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गेमिंग आणि ओटीटीसाठी स्क्रीन घ्यायची आणि लाइव्ह टीव्ही सोडून द्यायचा, हा निर्णय आज लाखो घरं घेत आहेत. पुण्यात किंवा ठाण्यात त्याचं उत्तर तसं सोपं आहे. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर मात्र पाऊस, वीज, खारी हवा आणि अकरा महिने कुलूप असणारी घरं यांचाही विचार करावा लागतो.

हा प्रश्न आत्ताच का आला?

पहिलं कारण जीएसटी. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवर २८ टक्के कर होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. ३२ इंचांपेक्षा मोठ्या मॉनिटरचंही तसंच. कराआधी २५,००० रुपयांचा असलेला टीव्ही पूर्वी ३२,००० ला पडायचा, तो आता २९,५०० ला पडायला हवा. ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवर आधीपासूनच १८ टक्के कर होता, त्यामुळे तिथे या निर्णयाने काही बदललं नाही. दुकानदार "जीएसटी कमी झालाय" सांगून ३२ इंची गळ्यात मारत असेल तर हे लक्षात ठेवा. (२०२५ चे गणपती २७ ऑगस्टला आले. ज्यांनी हौसेने गणपतीआधी ४३ इंची नेला, त्यांनी २८ टक्के भरले. बाप्पाची मर्जी.)

दुसरं कारण पैशाच्या प्रवाहात दिसतं. फिक्की आणि ईवाय यांचा मनोरंजन उद्योगावरचा अहवाल दरवर्षी येतो. २०२४ च्या आकड्यांत डिजिटल माध्यमांनी पहिल्यांदाच टीव्हीला मागे टाकलं. डिजिटल सुमारे ८०,२०० कोटी रुपये आणि टीव्ही सुमारे ६७,९०० कोटी. ट्रायच्या आकडेवारीत पैसे भरून डीटीएच घेणारी घरं २०२१ च्या सुरुवातीला ७ कोटींच्या घरात होती. मार्च २०२५ पर्यंत ती ५ कोटी ७० लाखांच्या आसपास आली. एअरटेल आणि टाटा प्ले यांचे डीटीएच व्यवसाय एकत्र करण्याची बोलणी झाली आणि मे २०२५ मध्ये फिसकटलीही. वाढत्या धंद्यात कंपन्या असं एकमेकांचा आधार शोधत नाहीत.

आणि तिसरं कारण क्रिकेट. २०२३ ची आयपीएल जिओसिनेमाने फुकट दाखवली आणि "मॅच बघायची तर डिश हवी" हा समज मोडला. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि डिस्ने हॉटस्टार एकत्र होऊन जिओहॉटस्टार झालं. फुकटचा काळ संपला, पण सवय राहिली.

टीव्ही आणि मॉनिटर यात नेमका फरक काय?

इथे एक गंमत आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाला हा प्रश्न वेगळ्या कारणाने पडतो. तिथे लाइव्ह कार्यक्रम बघायचे असतील तर दरवर्षी परवाना फी भरावी लागते. त्यामुळे "आम्ही लाइव्ह बघतच नाही, फक्त नेटफ्लिक्स आणि गेम" असं म्हणणाऱ्याचे खरोखर पैसे वाचतात. आपल्याकडे टीव्हीचा परवाना ही गोष्ट १९८० च्या दशकातच संपली. घरात टीव्ही आहे म्हणून सरकारला काही द्यावं लागत नाही. तेव्हा परदेशी यूट्यूबरचं "गेट रिड ऑफ युअर टीव्ही" ऐकून इथे उड्या मारण्यात अर्थ नाही.

तांत्रिकदृष्ट्या टीव्ही म्हणजे ज्याच्या आत सिग्नल पकडणारा ट्यूनर आहे तो, आणि मॉनिटर म्हणजे ज्यात तो नाही. पण तुमच्या घरातला टीव्ही शेवटचा स्वतःच्या ट्यूनरवर कधी चालला होता? कौलावरच्या ॲल्युमिनियमच्या अँटेनाचा काळ आठवा. दोन वीट सरकवून, "आता दिसतंय का?" असं ओरडून सह्याद्री लावायचं. दूरदर्शनने आपले बहुतेक ॲनालॉग प्रक्षेपक २०२२ पर्यंत बंद केले. केबलचं डिजिटायझेशन मुंबईत २०१२ मध्ये झालं आणि शेवटच्या टप्प्यात ग्रामीण भागापर्यंत यायला मार्च २०१७ उजाडलं. तेव्हापासून सिग्नल पकडण्याचं काम सेट-टॉप बॉक्स करतो आणि टीव्ही एचडीएमआयच्या वायरीतून येणारं चित्र नुसतं दाखवतो.

म्हणजे आपल्याकडचा टीव्ही गेली काही वर्षं व्यवहारात मॉनिटरच आहे. उलट बाजूनेही हे खरं आहे. साध्या मॉनिटरला सेट-टॉप बॉक्स जोडला तर त्यावर झी मराठी, स्टार प्रवाह सगळं दिसतं. त्यामुळे "टीव्ही घेतला तर लाइव्ह, मॉनिटर घेतला तर फक्त गेम" ही वाटणी चुकीची आहे. भिंतीवरच्या स्क्रीनचा आणि छपरावरच्या डिशचा निर्णय वेगवेगळा घेता येतो, आणि वेगवेगळाच घ्यावा.

मग फरक उरतो तो आवाज, आकार, रिमोट आणि आतल्या ॲप्सचा. मॉनिटरला स्पीकर नसतात किंवा नावापुरते असतात, म्हणजे साउंडबार आला. ओटीटीची ॲप्स नसतात, म्हणजे फायर टीव्ही स्टिकसारखं काहीतरी आलं. रिमोट बहुधा नसतो. २७ इंचांचा मॉनिटर टेबलावर दोन-तीन फुटांवरून बघायला उत्तम, पण ओसरीत सात जण बसले असतील तर मागच्या माणसाला स्कोअर वाचता येणार नाही. आणि ४० इंचांच्या पुढचा मॉनिटर घ्यायला गेलात तर किमतीत दोन बरे टीव्ही येतील.

गेमिंगसाठी काय बघायचं?

इथे जाहिरातींनी फार गोंधळ घातलाय, त्यामुळे थोडं सावकाश.

स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं याला रिफ्रेश रेट म्हणतात. साधा टीव्ही ६० हर्ट्झ, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र. १२० हर्ट्झला ८.३ मिलिसेकंद, १४४ ला साधारण ७. मालिका, सिनेमा, बातम्या यासाठी ६० पुरेसे आहेत. क्रिकेटलाही पुरेसे आहेत, कारण प्रक्षेपणच तेवढ्या वेगाने येत नाही. १२० चा उपयोग वेगवान गेममध्ये होतो, तोसुद्धा तुमचा कन्सोल किंवा पीसी तेवढी चित्रं तयार करत असेल तरच. घरात पीएस ४ असेल तर ६० हर्ट्झच्या टीव्हीवर एक रुपयाही जास्त घालू नका. पीएस ५ असेल आणि ४के मध्ये १२० हर्ट्झ हवे असतील तर टीव्हीला एचडीएमआय २.१ चं पोर्ट लागतं. चारपैकी एखाद्याच पोर्टला ती क्षमता असते, म्हणून कोणत्या पोर्टला आहे ते विचारा.

फसगत कुठे होते? खोक्यावर मोठ्या अक्षरात "१२० हर्ट्झ" किंवा "मोशन २४०" लिहिलेलं असतं. बऱ्याचदा पॅनेल मुळात ६० चंच असतं आणि मधली चित्रं टीव्ही स्वतः तयार करून भरतो, किंवा चित्राची बारकाई अर्धी करून वेग वाढवतो. दुकानात एकच प्रश्न विचारा, "पॅनेलचा नेटिव्ह रिफ्रेश रेट किती?" उत्तर देताना माणूस खोक्याकडे बघायला लागला तर काय ते समजा.

रिफ्रेश रेटपेक्षाही महत्त्वाचा आहे इनपुट लॅग, म्हणजे बटण दाबल्यापासून स्क्रीनवर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ. टीव्ही चित्र सुंदर करण्यासाठी बरीच प्रक्रिया करतो आणि त्यात वेळ जातो. मॉनिटर यात सरस असतो, कारण तो फार शहाणपणा करत नाही. पण आजच्या बऱ्याच टीव्हींमध्ये गेम मोड असतो आणि तो चालू केला की ही प्रक्रिया बंद होऊन फरक बराच कमी होतो. "टीव्हीवर गेम अडखळतो" अशी तक्रार करणाऱ्या अनेकांनी तो मोड कधी चालूच केलेला नसतो. आमचा चुलतभाऊ त्यातलाच. मुंबईच्या घरी तीन वर्षं तो टीव्हीला शिव्या घालत होता.

आता जिल्ह्यातलं वास्तव. गावातली बहुतेक मुलं गेम खेळतात ती फोनवर, आणि त्यात बीजीएमआय पुढे. तो गेम जुलै २०२२ मध्ये बंद झाला होता, मे २०२३ मध्ये परत आला. फोनचा स्क्रीन वायरलेस पद्धतीने टीव्हीवर टाकून खेळायचं म्हणाल तर विसरा. चित्र उशिरा पोहोचतं आणि तोवर समोरच्याने तुम्हाला टिपलेलं असतं. वायर लावून खेळता येतं, पण त्यासाठी फोनच्या टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर येण्याची सोय हवी. बजेट फोनमध्ये ती बहुधा नसते. म्हणजे मुलगा फक्त फोनवर खेळत असेल तर "गेमिंग टीव्ही" हे कारण दुकानदाराच्या फायद्याचं आहे, तुमच्या नाही. (ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने गेम बंद झाले का, असं बरेच जण विचारतात. तो कायदा पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे. बीजीएमआय किंवा कन्सोलवरचे गेम त्यात येत नाहीत, आणि ई-स्पोर्ट्सला तर त्या कायद्याने मान्यता दिली आहे.)

आणखी एक सापळा ३२ इंची टीव्हीचा. त्यातले बरेचसे एचडी रेडी असतात, म्हणजे १३६६ बाय ७६८ पिक्सेल. मालिकेला चालतात, पण लॅपटॉप जोडला की अक्षरं फुटतात. याच पैशात २४ इंचांचा फुल एचडी मॉनिटर येतो. एकट्या कॉलेजच्या मुलाच्या खोलीसाठी तो जास्त बरा. अभ्यास, गेम, सिनेमा तिन्ही होतं.

ओएलईडीचं आकर्षण अनेकांना आहे. चित्र अप्रतिम, वाद नाही. पण त्यावर एकच स्थिर चित्र रोज तासन्‌तास राहिलं तर त्याचा कायमचा डाग उमटू शकतो. गेममधला नकाशा आणि मराठी बातम्यांच्या चॅनेलवरच्या त्या लाल पट्ट्या, दोन्ही या बाबतीत सारखेच दोषी. घरात दिवसभर बातम्या चालू असतील तर ओएलईडीच्या वाटेला जाऊ नये.

नेटचं काय?

ओटीटीचं गणित स्क्रीनवर कमी आणि नेटवर जास्त अवलंबून आहे. नेटफ्लिक्सच्या सांगण्यानुसार फुल एचडीला ५ एमबीपीएस आणि ४के ला १५ एमबीपीएस वेग लागतो. डेटा एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत, ४के ला ७ जीबीपर्यंत. मोबाइलच्या रोजच्या २ जीबी पॅकवर हॉटस्पॉट लावून टीव्ही बघायचा म्हटलं तर एचडीत तासभरही धड पुरत नाही. म्हणजे डिशचे पैसे वाचले असं म्हणताना ब्रॉडबँडचे पैसे आणि दोन-तीन ओटीटींचे पैसे त्यात मिळवा. स्टार प्रवाहच्या मालिका जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी५ वर, हास्यजत्रा सोनी लिव्हवर. एका डिशच्या जागी तीन दारं.

सिंधुदुर्गात नेटची परिस्थिती दर दोन किलोमीटरवर बदलते. कुडाळ, कणकवली, सावंतवाडी, मालवण शहरात फायबर आहे. महामार्गापासून आत गेलात, एखादी खाडी ओलांडलीत किंवा सह्याद्रीच्या पायथ्याला गेलात की गोष्ट वेगळी. २०२० च्या लॉकडाउनमध्ये याच जिल्ह्यातली एक विद्यार्थिनी नेटवर्कसाठी डोंगरावर झोपडी बांधून अभ्यास करत होती, ती बातमी देशभर गेली होती. तेव्हापासून बरंच सुधारलंय. जिओ आणि एअरटेलने २०२३ मध्ये वायरीशिवायचं एअरफायबर आणलं, बीएसएनएलनेही २०२५ मध्ये स्वदेशी ४जी सुरू केलं. तरीही स्क्रीन घेण्याआधी एक साधी परीक्षा घ्या. रात्री नऊ वाजता, घरातल्या ज्या भिंतीवर स्क्रीन लागणार त्या भिंतीपाशी उभं राहून वेग मोजा. सकाळी अकराला अंगणात मोजलेला वेग तुम्हाला काही सांगत नाही.

गेम खेळणाऱ्यांनी वेगापेक्षा पिंग बघावा. १०० एमबीपीएस असूनही पिंग वर-खाली होत असेल तर बीजीएमआय खेळता येणार नाही. या बाबतीत फायबर सगळ्यात स्थिर, मोबाइल टॉवरवर चालणारं काहीही त्यानंतर.

पाऊस सुरू झाला की

मालवणात भरपूर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. ज्यांच्याकडे डिश आहे त्यांना माहीत आहे, सर जोराची आली की चित्राचे चौकोन होतात आणि मग "नो सिग्नल". आपल्याकडचं डीटीएच केयू बँडच्या लहरींवर चालतं. त्यांची लांबी दोन-अडीच सेंटिमीटर. पावसाचे थेंब या लहरी शोषून घेतात आणि विखुरतात, त्यामुळे मुसळधार पावसात सिग्नल डिशपर्यंत पुरेसा पोहोचत नाही. यात कंपनीचा दोष नाही. सर ओसरली की दहा मिनिटांत सगळं जागेवर येतं.

फायबरला पावसाचं काही वाटत नाही. काचेच्या तारेतून प्रकाश जातो, तिला ओलावा नडत नाही आणि वीज कडाडली तरी तांब्याच्या वायरीसारखा झटका घरात आणत नाही. पण आपल्याकडे फायबर बहुतेक ठिकाणी खांबांवरून, झाडांमधून ओढलेली असते. माडाची एक झावळ पडली की वाडीचं नेट बंद, आणि मग दुरुस्तीला माणूस येईपर्यंत दहा मिनिटं नाही, दोन दिवसही लागू शकतात. थोडक्यात, डिश वारंवार जाते पण स्वतःच परत येते. फायबर क्वचित जाते, पण गेली की कोणीतरी शिडी घेऊन यावं लागतं.

नेमक्या याच काळात स्क्रीनचा वापर सर्वात जास्त असतो, ही किनाऱ्याची खासियत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, जाळी दुरुस्त करायची आणि संध्याकाळी घरात बसायचं. नारळी पौर्णिमेपर्यंत गडीमाणसं घरात असतात, तेव्हाच रिमोटवरून भांडणं होतात.

खारी हवा हा वेगळा ताप. देवबाग, तारकर्ली, आचरा, निवती इथे समुद्राकडच्या खिडकीजवळ ठेवलेल्या कुठल्याही वस्तूचं काय होतं ते सांगायला नको. डिशचा एलएनबी आणि नटबोल्ट गंजतात. टीव्हीच्या मागची पोर्ट आणि आतल्या बोर्डांवरही हळूहळू थर चढतो. स्क्रीन समुद्राच्या विरुद्ध बाजूच्या आतल्या भिंतीवर लावा. पावसाळ्यात रोज थोडा वेळ चालू ठेवा, आतल्या उष्णतेने दमट हवा बाहेर पडते. स्टँडबायवर ठेवून मुंबईला जाऊ नका, प्लग काढा. मळभ येऊन गडगडायला लागलं की टीव्ही, राउटर आणि डिशची केबल तिन्ही काढा. वीज पडून किंवा दाब वाढून झालेलं नुकसान वॉरंटीत बहुधा बसत नाही.

२०२१ चा मे महिना

आता काकूच्या प्रश्नाकडे. १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेलं. मालवण, देवगड, वेंगुर्ल्यात झाडं आणि विजेचे खांब इतके पडले की अनेक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. कोरोनाची दुसरी लाट चालू होती, जिल्ह्याबाहेरची माणसं येऊ शकत नव्हती. वीज गेल्यावर मोबाइल टॉवर बॅटरीवर काही तास चालतात, मग डिझेलवर. डिझेल पोहोचलं नाही की टॉवरही गप्प. मुंबईत बसलेल्यांचे फोन लागत नव्हते आणि गावातल्यांना आपल्या शेजारच्या वाडीत काय झालंय ते कळत नव्हतं.

त्या दिवसांत डिशवाल्यांना तरी काय दिसत होतं? वीज नाही म्हणजे टीव्ही नाही, हे सगळ्यांना सारखंच. पण ज्यांच्याकडे इन्व्हर्टर होता त्यांच्यात फरक पडतो. इन्व्हर्टर असेल तर उपग्रहावरून येणाऱ्या सिग्नलला गावातला टॉवर, खांब, फायबर यांपैकी कशाचीच गरज लागत नाही. छपरावरची डिश जागेवर राहिली असेल आणि पाऊस थांबला असेल तर सह्याद्रीवरच्या बातम्या दिसतात. नेटवर चालणाऱ्या स्क्रीनसाठी मात्र तुमच्या घरातली वीज, टॉवरची किंवा एक्सचेंजची वीज आणि मधली तार हे सगळं एकाच वेळी शाबूत असावं लागतं. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये क्यार वादळाने देवबागात समुद्र घरापर्यंत आणला होता, २००९ मध्ये फयान होतं. या किनाऱ्यावर हा "कधीतरी" चा प्रश्न राहिलेला नाही.

यावर कोणी म्हणेल की इशारा आता थेट मोबाइलवर येतो. येतो, २०२३ मध्ये त्याच्या देशभर चाचण्या झाल्या आणि तो मोठा कर्कश आवाज आपण ऐकलाय. वादळाआधी तो फार कामाचा आहे. वादळानंतर टॉवर बंद असताना त्याचा उपयोग नाही. तेव्हा खरा आधार बॅटरीवरच्या रेडिओचा आणि आकाशवाणीच्या रत्नागिरी केंद्राचा. शंभर वॉटच्या टीव्हीपेक्षा दोन सेलवर आठवडा काढणारा रेडिओ कधीही बरा. तो घरात असेल तर डिशवर एवढा भर द्यायची गरज नाही, हेही खरं.

मधला रस्ता आहे का?

आहे, आणि तो स्वस्त आहे. दूरदर्शनची फ्री डिश. २००४ मध्ये सुरू झालेली ही सेवा आज देशात चार कोटींहून जास्त घरांत असल्याचा अंदाज आहे. एकदाच बॉक्स आणि छत्री घ्यायची, साधारण दोन हजारांत होतं. नंतर महिन्याला शून्य रुपये. डीडी सह्याद्री, डीडी न्यूज, डीडी स्पोर्ट्स आणि काही खासगी चॅनेल मिळतात. खासगी चॅनेल लिलावातून जागा घेतात, त्यामुळे आज दिसणारं मराठी चॅनेल पुढच्या वर्षी असेलच असं नाही. मोठ्या कंपन्यांच्या ताज्या मालिका त्यावर शोधू नका.

क्रिकेटसाठी तिचा एक फायदा लोकांना माहीत नसतो. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी वाहिनीला प्रसार भारतीशी वाटून घ्यावं लागतं. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने त्यात येतात. आयपीएल येत नाही. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे प्रक्षेपण दूरदर्शनने स्वतःच्याच जाळ्यावर दाखवायचं, खासगी केबल आणि डीटीएचवर द्यायचं नाही. म्हणून फ्री डिशवर भारताची मॅच फुकट दिसते आणि महिन्याला पैसे भरणाऱ्या शेजाऱ्याच्या डीडी स्पोर्ट्सवर त्या वेळी दुसरंच काहीतरी चालू असतं. शिवाय उपग्रहावरचं चित्र ओटीटीपेक्षा आधी पोहोचतं. ओटीटीवर बघणाऱ्याला अर्धा मिनिटभर उशीर होऊ शकतो. शेजारच्या घरातून आरडाओरडा आधी येतो आणि तुमच्या स्क्रीनवर बोलर अजून रनअपवर असतो.

उलट दिशेनेही सोय झाली आहे. मराठी बातम्यांची चॅनेल यूट्यूबवर लाइव्ह फुकट आहेत. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये, आपल्या शेजारी गोव्यात इफ्फी चालू असताना, वेव्हज नावाचं ओटीटी आणलं आणि दूरदर्शनची चॅनेल त्यावर आली. म्हणजे डिश काढली तरी लाइव्ह टीव्ही जात नाही, तो नेटवरून येतो. फक्त मग सगळी भिस्त एकाच तारेवर राहते.

उपग्रहाचा ट्यूनर टीव्हीतच बसवण्यासाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये मानक काढलं. असा टीव्ही असेल तर फ्री डिशला वेगळा बॉक्स लागत नाही, छतावर फक्त छत्री. टीव्ही बघताना "इनबिल्ट सॅटेलाइट ट्यूनर आहे का" एवढं विचारून ठेवा. असलाच तर बोनस.

आणि म्हातारी माणसं

तांत्रिक चर्चेत हा मुद्दा राहून जातो. डिशचा रिमोट काकूला आंधळेपणाने चालवता येतो. चालू केला की काल जिथे होतं ते चॅनेल लागतं. स्मार्ट टीव्ही चालू केला की आधी जाहिरात, मग ॲप्सची रांग, मग "हू इज वॉचिंग", मग अपडेट मागतो. आकेरीत चित्रित झालेल्या "रात्रीस खेळ चाले" ने २०१६ मध्ये मालवणी बोली घराघरात नेली, तेव्हा आमच्याकडे साडेदहाला वाडीतल्या चार बायका टीव्हीसमोर असायच्या. आज ती मालिका झी५ वर कधीही बघता येते. पण "कधीही" मध्ये साडेदहाची वेळ नाही, आणि साडेदहा नाही म्हणून शेजारणी येत नाहीत. हे नुकसान कुठल्याच खर्चाच्या तक्त्यात बसत नाही, पण घरात एकटी राहणारी बाई असेल तर ते खरं आहे.

चाकरमान्यांच्या बंद घराचं गणित उलटं. गणपतीला दहा दिवस, मे महिन्यात पंधरा दिवस, कधी जत्रेला दोन दिवस. त्यासाठी वर्षभर डिशचं रिचार्ज किंवा ब्रॉडबँड दोन्ही वाया. तिथे स्मार्ट टीव्ही, मोबाइलचा तात्पुरता मोठा डेटा पॅक आणि जोडीला फ्री डिश एवढं पुरे. महागडी स्क्रीन बंद दमट घरात ठेवणं म्हणजे बुरशीला पैसे देणं. गेमिंगसाठी चांगला मॉनिटर घ्यायचा तर तो मुंबईच्या घरी घ्या आणि कन्सोल गावी आणताना टीव्हीच्या गेम मोडवर भागवा.

ब्रँड कोणता, हे इथे सांगणार नाही. पण ऑनलाइन सेलमधला स्वस्त टीव्ही मागवण्याआधी त्या कंपनीच्या हेल्पलाइनला आपला पिन कोड सांगून विचारा की बिघडला तर माणूस कुठून येणार. कुडाळहून, कोल्हापूरहून, की तुम्हालाच टीव्ही खोक्यात घालून पाठवायचाय? आमच्या शेजाऱ्यांचा ५५ इंची टीव्ही गेल्या पावसात बंद पडला आणि तंत्रज्ञ यायला पाच आठवडे लागले. तोवर चतुर्थी होऊन गेली होती.

आमच्या ग्रुपवर अखेर काय ठरलं? ४३ इंची, ४के, ६० हर्ट्झ, गेम मोड असलेला टीव्ही, कुडाळच्या दुकानातून. डीटीएचचं रिचार्ज बंद, कौलावरची जुनी छत्री फिरवून तिच्यावर फ्री डिश. नेटसाठी फायबर घेतली, आणि राउटर इन्व्हर्टरवर टाकला. चुलतभाऊ अजून १२० हर्ट्झसाठी कुरकुरतो. काकूची अट एकच होती, दोन रिमोटपैकी तिच्या रिमोटला कोणी हात लावायचा नाही. तिने त्यावर लाल दोरा बांधून ठेवलाय.